ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने लायसन्स रद्द केलं? आधी तारीख बघा

नागपूरहून ब्रिटनला जाऊन कॅसिनोत नोकरी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे कळकळीने सांगतोय. गॅम्बलिंग कमिशनने, म्हणजे तिथे जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, कॅसिनोतल्या कामासाठी लागणारं तुमचं वैयक्तिक लायसन्स नाकारलं, स्थगित किंवा रद्द केलं, तर त्यांनाच विनंतीची पत्रं पाठवत बसू नका. अपील फर्स्ट-टियर ट्रायब्यूनलकडे (पहिल्या पायरीचं न्यायाधिकरण) करायचं, आणि ते कमिशनपासून स्वतंत्र आहे.

मुदत २८ दिवसांची. ही मुदत कमिशनने निर्णयाची नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही नोटीस उघडल्यापासून नाही. दिवाळीला धरमपेठेत घरी आला असाल, तरी दिवस पुढे सरकतच असतात. उशीर झालाच तर अपिलातच मुदतवाढ मागा आणि कारण स्पष्ट लिहा.

अपिलाला निर्णयाची प्रत जोडा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्याने भागत नाही. निर्णय नेमका कुठे चुकला ते मुद्दा धरून मांडा. फी लागते.

लायसन्स स्थगित किंवा रद्द झालं असेल, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो निर्णय सहसा अमलात येत नाही. पण कमिशन तो तात्काळ लागू करू शकतं, म्हणून कामावर जाण्याआधी नोटिशीतली ती ओळ वाचाच. ट्रायब्यूनलमध्ये हरलात, तर पुढे परवानगी घेऊन अप्पर ट्रायब्यूनलकडे (वरचं न्यायाधिकरण), फक्त कायद्याच्या मुद्द्यावर जाता येतं.