तालुक्यातील रोजगाराची पाहणी कशी करावी: धारूरच्या निमित्ताने

ग्रामीण तालुक्यातील रोजगाराची पाहणी करणाऱ्याने सर्वांत आधी ठरवायचा तो पाहणीचा महिना. प्रश्नावली, नमुना, कार्यकर्ते या गोष्टी नंतरच्या. बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या तालुक्यात जानेवारीत आणि जूनमध्ये एकाच वाडीवर गेल्यास दोन वेगळी गावे पाहिल्यासारखे वाटते. जानेवारीत दारांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडे, तर जूनमध्ये तीच घरे भरलेली आणि मृगाच्या पावसाकडे लागलेले डोळे. बालाघाटच्या डोंगररांगेतील हलकी, बरड जमीन वर्षभर काम पुरवत नाही, म्हणून दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात. शेजारच्या माजलगावला धरण आणि कालवा आहे, तिथली गणिते निराळी. म्हणून जिल्ह्याची सरासरी घेऊन धारूरविषयी बोलण्याचा मोह पहिल्याच दिवशी सोडावा.

सुरुवात उपलब्ध कागदांपासून करावी, परंतु प्रत्येक कागद कोणत्या दिवसांचा आहे हे समासात लिहून ठेवावे. 2011 च्या जनगणनेची जिल्हा जनगणना पुस्तिका गावनिहाय आकडे देते. तीत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारे ते मुख्य कामगार आणि त्याहून कमी काम करणारे ते सीमांतिक कामगार अशी विभागणी असून, दोहोंचे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील आणि इतर असे चार गट केलेले आहेत. हे वर्गीकरण उपयोगी आहे. मात्र ही गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात असताना. त्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नव्हता, त्याची नोंद नियमानुसार तो जिथे सापडला तिथे व्हायची; त्यामुळे सांगली-कोल्हापूरकडच्या फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, कोप (तात्पुरती झोपडी) घालून राहिलेली धारूरची जोडपी धारूरच्या आकड्यांत शोधण्यात अर्थ नाही. पुढील जनगणनेची लोकगणनाही फेब्रुवारी 2027 मध्येच ठरलेली आहे, तेव्हा हा धडा जुना झालेला नाही.

श्रमबलाची केंद्रीय नियतकालिक पाहणी 2017 पासून सुरू आहे. तिच्यातून राज्याचे चित्र मिळते, तालुक्याचे नाही. तरीही तिच्या व्याख्या आपल्या प्रश्नावलीसाठी उचलाव्यात. चालू साप्ताहिक स्थितीत मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते, तर नेहमीच्या स्थितीत मागील 365 दिवसांचा विचार होतो. दोन्ही मोजमापे एकाच घरात लावून पाहिली की बेरोजगारीचा आकडा किती लवचीक असतो, ते कळते.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, तलाठ्याकडील पीकपेऱ्याच्या नोंदी आणि मागील किमान पाच वर्षांच्या मनरेगाच्या मनुष्यदिवसांच्या नोंदी एवढे साहित्य पुरेसे आहे. यांतील मनरेगाच्या नोंदी महिन्यानिहाय वाचाव्यात. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने आधार दिला आणि देशाचा कायदा त्यानंतर 2005 मध्ये आला, इतका इथल्या कागदांना इतिहास आहे. पण कागदावर मागणी दिसत नाही म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष काढू नये. मनरेगाच्या नियमांनुसार मजुराने नमुना 4 भरून काम मागितले आणि त्याला नमुना 5 ची तारीखवार पोच मिळाली, तरच ती मागणी ठरते व पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क उभा राहतो. मी एका गावात पोच मागणाऱ्या बायकांना ‘काम निघालं की सांगतो’ एवढेच उत्तर मिळताना पाहिले आहे. त्या वर्षी त्या गावाची मागणी कागदोपत्री शून्य होती. म्हणून घरोघरी विचारताना ‘काम मागितले का’ आणि ‘पोच मिळाली का’ हे दोन स्वतंत्र प्रश्न ठेवावेत.

आता प्रत्यक्ष गावात. पाहणीच्या दोन फेऱ्या कराव्यात: एक दसऱ्याच्या आधी, माणसे गावात असताना, आणि दुसरी संक्रांतीच्या सुमारास, कोण उरले आहे ते पाहण्यासाठी. घराचा नमुना ग्रामपंचायतीच्या यादीतून काढावा आणि कुलूपबंद घर बदलून शेजारचे उघडे घर घेण्याची सवय कार्यकर्त्यांना लागू देऊ नये, कारण आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी त्या कुलपामागे आहे.

प्रश्न ‘तुम्ही काय काम करता’ असा विचारू नये. एका तांड्यावर मी हा प्रश्न विचारला तेव्हा समोरच्या बाईंनी सांगितले, ‘काही नाही, घरीच असते.’ त्यांच्या कमरेला खुरपे खोचलेले होते आणि त्या नुकत्याच दुसऱ्याच्या शेतातून खुरपण करून आल्या होत्या. मग मी प्रश्न बदलला. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काय केले, मृगापासून पोळ्यापर्यंत कुठे होता, दसऱ्याला कुणाच्या रानात, दिवाळीनंतर कुठल्या गाडीत, असे सणांच्या खुंट्यांवर वर्ष टांगले की माणसाला आठवते. त्याच बाईंच्या वर्षातून नऊ महिन्यांचे काम निघाले: पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची किलोवर वेचणी आणि नंतर ऊसतोड. प्रत्येक व्यक्तीसाठी बारा रकान्यांची एक ओळ आखावी व प्रत्येक रकान्यात काम, ठिकाण आणि मजुरीची रीत लिहावी.

मजुरीची रीत हा स्वतंत्र विषय आहे. रोजंदारीत गड्याचा रोज आणि बाईचा रोज वेगळा लिहावा. ‘रोज काय आहे’ असे विचारल्यास गड्याचाच सांगितला जातो. गुत्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर अंगावर, घेतलेल्या कामात एकराचा दर, माणसांची संख्या आणि लागलेले दिवस हे तिन्ही घेतल्याशिवाय तुलना होत नाही. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, त्यात रोख रकमेबरोबर धान्य, कपडे किंवा आगाऊ पैसे असू शकतात, तेव्हा त्यांची किंमत लावूनच वर्षाची मजुरी काढावी. आणि एकमेकांच्या शेतात बिनपैशाने केलेली इर्जिक विसरू नये.

ऊसतोडीची नोंद कोयत्याच्या हिशेबाने करावी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ही मजुरी नसून कर्ज आहे, हे प्रश्नावलीत स्पष्ट असावे, कारण बरीच घरे उचल हीच कमाई म्हणून सांगतात. हिशेब असा मांडावा. समजा टनाला 366 रुपये दर धरला, जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडून भरला आणि पाच महिन्यांत प्रत्यक्ष तोडणीचे 120 दिवस मिळाले, तर 240 टनांचे 87,840 रुपये होतात. उचल एक लाखाची असेल, तर पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, 12,160 रुपये बाकी म्हणून अंगावर फिरतात आणि पुढच्या वर्षीचा मुकादम आताच ठरून जातो. पाऊस, गाडीची वाट, आजारपणाचा खाडा यांचे दिवस मोजले नाहीत तर हे जोडपे बऱ्यापैकी कमावते असे वाटेल. दीडशे दिवस आणि दोन माणसे यांनी भागल्यास माणशी रोज सुमारे 293 रुपये पडतात, तेही पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंतच्या कामाचे. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले पैसे वेगळ्या ओळीत लिहावेत. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती हाती पडली का, हे टनाचा प्रत्यक्ष दर विचारूनच कळेल.

कामाच्या परिस्थितीत मजुरीइतकेच आरोग्य येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. हा आकडा घरोघरी विचारल्यामुळेच पुढे आला, कोणत्याही रोजगार तक्त्यात तो नव्हता. असे प्रश्न बाईनेच, एकांतात आणि शक्यतो गावातल्या आशाताईंना सोबत घेऊन विचारावेत. पुरुष कार्यकर्त्याने दारात उभे राहून विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे ‘सगळं बरं आहे’ हे उत्तर नोंदवू नये.

शाळेचा हजेरीपट आणि हंगामी वसतिगृहाची यादी यांवरून किती कुटुंबे गेली याचा स्वतंत्र पडताळा घेता येतो. मुख्याध्यापकांशी बोलताना नाव कमी झालेल्या मुलांपेक्षा नाव असूनही वर्गात नसलेल्या मुलांविषयी विचारावे.

शिकलेल्या तरुणांचा रकाना बहुधा फसवा निघतो. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रातील नोंदणीवरून बेरोजगार मोजू नयेत. नोंदणी न केलेले अनेक असतात आणि काम लागल्यावर नाव काढायला कुणी जात नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा मुलगा दुपारी दुकानात बसतो, सुगीत बापाबरोबर रानात जातो आणि चार महिने चाकणला कंत्राटी कामही करून येतो. त्याचीही बारा रकान्यांचीच ओळ भरावी.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो लोक परत आल्यानंतर, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात, ग्रामसभेत वाचून दाखवावा. मुकादमही तिथे असतो, म्हणून उचलीचे आकडे घरनिहाय वाचू नयेत, फक्त गावाची बेरीज वाचावी. दुरुस्त्या मात्र सभा संपल्यावर, लोक घराकडे निघाले की वाटेत सुचवल्या जातात, तेव्हा वही बंद करण्याची घाई करू नये.