प्रवासाला शॉर्टवेव्ह रेडिओ घेताय? आधी हे बघा

खिशात मावतो का ते आधी बघा, बाकीचं नंतर. काटेवाला स्वस्त सेट शक्यतो नकोच, शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं लागतात त्या बँडवर, स्टेशनं इतकी चिकटून असतात की काटा केसभर सरकला की भलतंच कोणीतरी बोलायला लागतं, त्यामुळे डिजिटल ट्युनिंगवालाच घ्या. एसएसबी (सिंगल साइडबँड, हॅमवाले ज्या पद्धतीने बोलतात ती पकडायची सोय) असेल तर मजा, 7 मेगाहर्ट्झच्या आसपास हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या गप्पा ऐकता येतात, साध्या सेटवर त्याच गप्पा म्हणजे नुसतं बदकांचं क्वॅकक्वॅक. मला विचाराल तर टेकसन पीएल-330, एसएसबी आहे आणि बॅटरी बीएल-5सी, म्हणजे जुन्या नोकियाचीच, ठाणे स्टेशनजवळ मोबाईल रिपेअरवाल्याकडे विचारून बघा.

आता घोडबंदरच्या टॉवरमधे बसून ऐकलंत तर खरखरच येणार, एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर सगळ्यांचा त्रास होतो, म्हणून लगेच सेटला शिव्या घालू नका, सकाळी येऊरला नाहीतर पारसिकच्या टेकडीवर नेऊन ऐका. पाच-सहा मीटर साधी वायर अँटेनाला क्लिपने लावली की फरक कळतो. अंधार पडला की 10 मेगाहर्ट्झच्या खाली शोधा, दिवसा वर. आणि लॉक बटण हवंच हं, नाहीतर बॅगेत दाबलं जाऊन रेडिओ चालू राहतो आणि बॅटरीची वाट लागते.