पावसात मस्टँग: उजवा पाय हलका
आंबोली घाटात जुलैचा पाऊस आणि हाताशी फोर्डची मस्टँग जीटी ही स्पोर्ट्स कार असेल, तर आधी निसरड्या रस्त्यासाठीचा 'स्नो/वेट' मोड लावा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरून घसरू न देणारी यंत्रणा) बंद करायची हौस कोरड्या ट्रॅकसाठी राखून ठेवा. इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की मागचा भाग बाहेर फेकला जातो. स्टिअरिंग सरळ होईल तसतसाच पाय दाबा. मागचा भाग सुटलाच, तर ब्रेकवर उडी नको: अ‍ॅक्सिलरेटर अलगद सोडा, नजर जायच्या दिशेला ठेवा आणि मागचा भाग घसरतोय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा. उतारावर खाडकन खालचा गिअर टाकलात तरी हाच प्रकार होतो. टायरच्या खाचा कायद्याने किमान १.६ मिमी खोल असल्या तरी चालतात. ३ मिमीखाली गेल्या की मी मात्र पावसात गाडी काढत नाही.