जहाज रविवारी सुटतं, तुमची वेळ गुरुवारी संपते

एफसीएल (पूर्ण कंटेनर एकाच ग्राहकाचा), एलसीएल (एका कंटेनरात अनेकांचा माल), एफओबी, सीआयएफ (भाडं-विमा कोणी भरायचा ते ठरवणाऱ्या अटी) हे सगळं तुम्ही शिकूनच फॉरवर्डिंगच्या, म्हणजे ग्राहकाचा माल परदेशी पाठवून द्यायच्या, टेबलावर बसला असाल. त्या व्याख्या कामाला येतील, पण नंतर. एक्स्पोर्ट डेस्कवर पहिल्या महिन्यात घाम फुटतो तो घड्याळामुळे.

बुकिंगच्या कागदावर सगळ्यांत ठळक असते ईटीडी, म्हणजे जहाज सुटायची तारीख. ग्राहक तीच विचारतो, सेल्सवाला तीच सांगतो आणि नवखा माणूस तिच्यापासून मागे दिवस मोजत बसतो. इथेच फसगत होते. ईटीडी जहाजाची असते. तुमच्या वेळा वेगळ्या: एसआय कट-ऑफ (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल या मालाच्या पावतीचा मजकूर लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, द्यायची मुदत), व्हीजीएम कट-ऑफ (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन कळवायची मुदत), गेट कट-ऑफ (टर्मिनल कंटेनर आत घेतं ती शेवटची वेळ), आणि जी कोणी आपणहून सांगत नाही ती गेट ओपन (कंटेनर आत घ्यायला सुरुवात होते ती वेळ).

समजा माल चाकणला आहे, जहाज रविवारी रात्री न्हावाशेव्याहून सुटणार आहे. गेट शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद, एसआय गुरुवारी दुपारी बारापर्यंत. बुधवारी रात्री स्टफिंग (कंटेनरमध्ये माल भरणं) उरकलं की वाटतं, अजून दोन दिवस हातात आहेत. दोन दिवस नाहीत, एक सकाळ आहे. एसआयमध्ये कंटेनर नंबर, सील नंबर, नग आणि वजन लागतं. ते सगळं रात्री अकराला कंपनीच्या डिस्पॅचवाल्याच्या वहीत असतं आणि तो सकाळी दहाशिवाय फोन उचलत नाही. म्हणून दाराचा, सीलचा आणि पॅकिंग लिस्टचा फोटो गाडी कंपनीच्या गेटबाहेर पडायच्या आत मागवायचा. सकाळी मागू म्हणालात की गुरुवारचे बारा वाजलेच.

पुढे शुक्रवार. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे करायचा अर्ज) भरलेलं असलं म्हणजे काम झालं असं नाही. कस्टम्सचा एलईओ (निर्यातीची अंतिम परवानगी) पडल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि फॉर्म थर्टीन (बंदरात शिरायचा पास) नसेल तर गाडीला गेट उघडत नाही. शिपिंग बिलात सील नंबरचा एक आकडा चुकला तर दुरुस्ती होईपर्यंत ट्रेलर पार्किंग प्लाझात उभा आणि घड्याळ चालू. न्हावाशेवा एक असलं तरी टर्मिनलं वेगवेगळी आहेत. बीएमसीटीची गाडी जीटीआयच्या रांगेत लागली तर तासभर गेलाच म्हणून समजा. लाइन आयत्या वेळी टर्मिनल बदलते तेव्हा हे हमखास होतं, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ टर्मिनलचं वेळापत्रक पाहायचं. जहाज लांबलं तर कट-ऑफही लांबेल हे गृहीत धरू नका. कधी लांबतो, कधी लांबत नाही. लाइनकडून लेखी घ्या.

मग लवकर पाठवलं तर? तेही महागात पडतं. गेट ओपन व्हायच्या आधी टर्मिनल कंटेनर घेत नाही. गाडी बाहेर उभी राहते आणि हॉल्टिंग (गाडी थांबल्याचं भाडं) चढतं. एम्प्टी (रिकामा कंटेनर) फार आधी उचलला तर लाइनचे फ्री दिवस तिथूनच मोजायला लागतात आणि ते संपले की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचे पैसे. सुरक्षित म्हणून चार दिवस आधी उचलणारा आणि उशिरा उचलणारा, दोघेही पैसे भरतात.

हे कट-ऑफ लाइनची मनमानी नसते. जड कंटेनर खाली, हलके वर असा जहाजाचा आराखडा वजनावरून ठरतो. त्यासाठी १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षा करारानुसार व्हीजीएमशिवाय कंटेनर चढवता येत नाही. अमेरिका आणि युरोपला जाणाऱ्या मालाची माहिती कंटेनर जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी तिकडच्या कस्टम्सला पोहोचावी लागते, म्हणून त्या बुकिंगांचा एसआय कट-ऑफ आणखी अलीकडे येतो. अमेरिकेसाठी आयएसएफ (तिथल्या कस्टम्सला मालाची आगाऊ माहिती देणारा फॉर्म) वेगळं. ते खरेदीदाराच्या नावावर भरलं जातं, पण माहिती तुमच्याकडूनच जाते. ते चुकलं किंवा उशिरा गेलं तर दंड ५,००० डॉलरपर्यंत.

व्हीजीएमचा हिशेब एकदा हाताने करून बघा. माल १८,४०० किलो. पॅलेट २०, प्रत्येकी २२ किलो, म्हणजे ४४०. आधाराच्या लाकडाचे ६० किलो. कंटेनरचं रिकामं वजन त्याच्या दारावर लिहिलेलं, समजा २,२३०. एकूण २१,१३०. ही झाली व्हीजीएम. बीएलवर जाणारं ग्रॉस वजन मात्र १८,८४०, कारण त्यात माल आणि पॅकिंग (इथे पॅलेट) येतं, आधाराचं लाकूड आणि डबा येत नाही. हे दोन आकडे उलटसुलट टाकणं ही नवख्यांची सगळ्यांत आवडती चूक. रिकामं वजन अंदाजाने टाकू नका, दाराचा फोटो आहे ना.

जुनी फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’ करून नवीन एसआय बनवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पाच मिनिटं वाचतात आणि मागच्या खेपेचा सील नंबर नाहीतर नोटिफाय पार्टी (माल पोहोचल्याची खबर ज्याला द्यायची तो) तशीच राहून जाते. बीएल निघाल्यावर दुरुस्तीचे पैसे लागतात ते वेगळंच. कंटेनर नंबरच्या बाबतीत थोडी सोय आहे. शेवटचा अकरावा आकडा आधीच्या दहा खुणांवरून काढलेला असतो. सीएसक्यूयू ३०५४३८ ला शेवटी ३ च येतो. एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा तो जुळत नाही, आणि लाइनच्या वेबसाइटवर नंबर टाकला की लगेच कळतं. सील नंबराला असा राखणदार नाही. तो दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

विमानाने जाणाऱ्या मालाचं एकच सांगतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागा. ते आणि खरं वजन यांत जे जास्त त्याचं बिल. १२० बाय ८०, उंची १०० म्हणजे १६० किलो. उंची पॅलेटसकट ११५ निघाली तर १८४. मोजणी रॅपिंग झाल्यावर, पॅलेटसकट. ब्रोशरमधले आकडे चालत नाहीत. कुरिअरवाले बहुधा ५,००० ने भागतात, त्यांचा आकडा अजून चढतो.

शिकायचं कोणाकडून? माझं मत स्पष्ट आहे: सेल्स मॅनेजरकडून नाही. जो माणूस दिवसभर बंदरावर उभा राहून एलईओ काढून आणतो त्याच्याबरोबर आठवडाभर फिरा. तो व्याख्या सांगणार नाही, पण कोणता कागद कोणत्या खिडकीवर अडतो ते त्याला पाठ असतं. जी कार्डची (कस्टम्स ब्रोकरच्या माणसाला लागणाऱ्या कार्डची) परीक्षा पुढे देताच येईल. लगेच नाही दिली तरी बिघडत नाही. पहिले तीन महिने सगळं अंगावर येतं, फोन वाजला की पोटात गोळा येतो. हे सगळ्यांचं होतं. चौथ्या महिन्यात तोच फोन तुम्ही स्वतःहून आधी लावता.

कट-ऑफ चुकलाच तर लपवू नका. पहिला फोन लाइनला: लेट गेट मिळेल का, किती तासांचं, किती पैशांत. दुसरा ट्रेलरवाल्याला: गाडी परत फिरवू नको, थांब. तिसरा ग्राहकाला, आणि त्यात एकच प्रश्न: एलसी (बँकेची पैसे देण्याची हमी) आहे का? असेल तर शेवटची शिपमेंट तारीख कोणती ते लगेच विचारा. कंटेनर रोल होऊन पुढच्या जहाजावर गेला की बीएलवर ऑन बोर्ड तारीख त्या जहाजाची पडते, आणि ती एलसीच्या तारखेपलीकडे गेली तर बँक कागद अडवते. अशा वेळी ग्राहक मागच्या तारखेचं बीएल मागेल, गयावया करेल. नाही म्हणा. ती फसवणूक आहे आणि कागदावर नाव तुमच्या कंपनीचं असतं. खरेदीदाराकडून एलसीची तारीख वाढवून घ्यायला सांगा. जहाज सुटायच्या आत हा फोन झाला तर तेवढा वेळ बहुधा मिळतो.