टीव्हीवरची कमांडो कसोटी: खरं किती, हे घरबसल्या कसं तपासायचं

ब्रिटनमध्ये चॅनल 4 वर 2015 मध्ये ‘एसएएस: हू डेअर्स विन्स’ ही मालिका सुरू झाली (एसएएस म्हणजे ब्रिटिश फौजेचं खास कमांडो दल; त्याच्या निवडचाचणीसारखी कामं मालिकेत उमेदवारांना देतात) आणि त्याच धर्तीवर इतर देशांतही कार्यक्रम निघाले. माजी कमांडो उस्ताद, चिखलात लोळणारे उमेदवार, डोक्यावरून चेहरा झाकणाऱ्या पिशव्या, बर्फाळ पाणी. हे पाहिल्यावर फौजेत खरंच असं असतं का, हा प्रश्न पडतोच. मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तर बऱ्यापैकी अचूक काढता येतं.

आमचं मत आधीच सांगतो. एकेक काम सुटं पाहिलं तर त्यातली मेहनत, थंडी आणि भीती बहुतेक खरी असते. दोरावरून दरी ओलांडणाऱ्याच्या कमरेला हार्नेस असतो, म्हणजे धोका कमी असतो, पण म्हणून त्याचे थरथरणारे पाय खोटे ठरत नाहीत. पडद्यावर येऊ शकत नाहीत त्या दोन गोष्टी: लांबलेला काळ आणि एकटेपणा. खऱ्या निवडीत माणूस मोडतो तो मुख्यतः या दोन्हींमुळे.

आधी बघा, हे काम कुठल्या कोर्समधलं आहे

एका भागात दिसणाऱ्या गोष्टी अनेकदा तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेल्या असतात. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना ठोसे मारायचे, त्याला ‘मिलिंग’ म्हणतात. तो ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या ‘पी कंपनी’ चाचणीचा भाग आहे, एसएएस निवडीतल्या डोंगर-टप्प्याचा, म्हणजे डोंगरातल्या मार्चचा, नाही. तिथे तो बरोबर 60 सेकंद चालतो. चुकवायचं नाही, मागे सरायचं नाही. बॉक्सिंगचं कौशल्य न बघता मार खाऊनही पुढे सरकणारा कोण, हे बघतात.

ओंडक्याची शर्यतही तिथलीच. ओंडका 60 किलोचा, त्याला बांधलेले दोर धरून पळणारी माणसं आठ, अंतर सुमारे 3 किलोमीटर. भागाकार केला तर माणशी साडेसात किलोच येतात, मग एवढं कठीण काय? वेग. धावताना एकाचा दोर सैल झाला की त्याचं वजन उरलेल्या सातांवर पडतं. म्हणून अशा दृश्यात चेहरे सोडा, दोर बघा. ताठ दोरवाला ओढतोय, झोळ पडलेला दोर धरणारा नुसता सोबत पळतोय.

हेलिकॉप्टरमधून पाठमोरं पाण्यात पडायचं दृश्य मात्र जवळजवळ पूर्णपणे कॅमेऱ्यासाठी असतं. सैनिकांना हेलिकॉप्टरमधून पाण्यात सोडताना साधारण 10 फूट उंची आणि 10 नॉट (ताशी सुमारे 18 किलोमीटर) वेग हा रूढ हिशेब आहे, आणि माणूस पाय खाली ठेवून उतरतो. पाठमोरं पडण्याला मोहिमेत काही उपयोग नाही. त्यातून कळतं एवढंच, की सांगितल्यावर हा माणूस हात सोडतो की नाही.

वजन आणि घड्याळ

एसएएस निवडीतल्या डोंगर-टप्प्याचा गाजलेला पल्ला म्हणजे वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगररांगेतला ‘फॅन डान्स’. स्टोरी आर्म्सपासून पेन-इ-फॅनच्या माथ्यावर, पलीकडे उतरून टॉरपँटाऊपर्यंत आणि त्याच वाटेने परत. अंतर सुमारे 24 किलोमीटर, पाठीवरचा पिठ्ठू 35 पौंडांचा, म्हणजे 16 किलोचा. पाणी, खाणं आणि रायफल वेगळी. वेळ साधारण चार तास.

आता गणित करू. डोंगरात चालण्याचा नेस्मिथचा जुना नियम सांगतो की सपाटीला ताशी 5 किलोमीटर धरा आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास वाढवा. 24 किलोमीटरचे झाले 4 तास 48 मिनिटं. जाता-येता मिळून सुमारे 900 मीटर चढ, त्याचा दीड तास. एकूण सव्वासहा तास, आणि हे चांगल्या चालणाऱ्यासाठी. तेच अंतर वजन घेऊन चार तासांत संपवायचं तर सपाटीला आणि उताराला पळावंच लागतं. म्हणून पडद्यावर ‘डोंगरावरचा मार्च’ दिसला की तीन आकडे लिहून घ्या: किती किलोमीटर, किती चढ, किती वेळ. निवेदक नुसतंच ‘भयंकर वजन’ आणि ‘अशक्य अंतर’ म्हणत असेल आणि तिन्हींपैकी एकही आकडा देत नसेल, तर तो मार्च बेताचाच होता असं धरायला हरकत नाही.

हा टप्पा संपतो तो 64 किलोमीटरच्या ‘लाँग ड्रॅग’ने: पाठीवर 25 किलो, वेळ 20 तास. तोही कित्येक दिवस रोज डोंगर तुडवून झाल्यावर.

पेन-इ-फॅनची उंची 886 मीटर, सिंहगडापेक्षाही कमी. त्यावरून डोंगर किरकोळ समजू नका. तिथे वाऱ्याला आडोसा नाही, धुकं मिनिटांत उतरतं आणि पाऊस आडवा येतो. घामाने भिजलेला माणूस दहा मिनिटं थांबला की हुडहुडी भरते.

पिठ्ठू खरंच जड आहे का, हे त्याच्या आकारावरून कळत नाही. स्लीपिंग बॅग कोंबली की दीड किलोतही पिशवी टम्म फुगते. पाठीवर चढवतानाचा क्षण बघा. 25 किलोचा पिठ्ठू एका हाताने उचलून खांद्यावर टाकता येत नाही. माणूस जमिनीवर बसतो, पिठ्ठूला पाठ टेकतो, दोन्ही बंदांत हात घालतो, मग कुशीवर वळून गुडघ्यावर येतो आणि मांडीवर हात रोवून उठतो. चालतानाही जड पिठ्ठू उसळत नाही, तो माणसालाच डावी-उजवीकडे झुलवतो. धावताना पिठ्ठू पाठीवर टपटप आपटत असेल तर तो हलका आहे किंवा नीट भरलेला नाही.

किती दिवस शूटिंग झालं, हे दाढी सांगते. दाढी रोज अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते. पहिल्या आणि शेवटच्या भागातला चेहरा शेजारी ठेवला की कळतं, हा मुक्काम आठवड्याचा आहे की महिन्याचा. कारण त्यावरच पुढचं ठरतं. नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा जाणं, पायाची कातडी सोलून निघणं, खांद्याच्या बंदाखाली नस दबून हात बधिर होणं या दुखण्यांना साचायला दिवस लागतात. आठवड्याच्या शूटिंगमध्ये ती क्वचितच दिसतात. खऱ्या कोर्समध्ये बरीच गळती त्यांनीच होते.

ओरडणारा उस्ताद आणि गप्प उस्ताद

टीव्हीने सगळ्यात जास्त गैरसमज पसरवला असेल तर तो इथे. कानाशी तोंड नेऊन ओरडणं, शिक्षा म्हणून रगडा देणं हे प्राथमिक प्रशिक्षणात असतं, जगातल्या बहुतेक फौजांमध्ये असतं. एसएएसच्या डोंगर-टप्प्यात उलट आहे. तिथले परीक्षक, ज्यांना ‘डीएस’ म्हणतात, ते फारसं बोलतच नाहीत. शाब्बास नाही, शिवीही नाही. ठरलेल्या जागी पोचलात की पुढच्या जागेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे, मिळतो, आणि निघा. किती जागा उरल्या हे सांगत नाहीत. अनेकदा वेळेची मर्यादाही सांगत नाहीत. आपण वेळेत आहोत की कधीच बाहेर पडलोय, हे चालणाऱ्याला कळत नाही, आणि तसंच चालत राहावं लागतं.

ओरडणारा माणूस एका अर्थी मदतच करत असतो. त्याच्या रागावर माणूस आणखी शंभर पावलं चालून जातो. धुक्यात एकट्याला राग यायलाही समोर कोणी नसतं.

नकाशाची एक बारीक गोष्ट बघा. ‘तू कुठे आहेस?’ असं डीएसने विचारलं तर नकाशावर बोट ठेवून चालत नाही, गवताच्या काडीने किंवा होकायंत्राच्या कोपऱ्याने दाखवावं लागतं. कारण सरळ आहे. 1:50,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. बोटाच्या टोकाखाली अख्खी टेकडी झाकली जाते. टीव्हीवर मात्र उस्ताद पुढे आणि उमेदवार रांगेत मागे असतात, कारण पन्नास वाटांनी पांगलेल्या माणसांमागे कॅमेरे पाठवता येत नाहीत. एकदा पुढच्याच्या टाचा बघत चालायचं ठरलं की निवडीतली निम्मी परीक्षा गळाली.

थंड पाणी

इथे स्टॉपवॉच लावाच. थंड पाण्याबद्दल सोपा हिशेब आहे: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर माणूस बुडतो. पुढच्या दहा मिनिटांत हात-पाय निकामी होत जातात. हायपोथर्मियाने, म्हणजे शरीराचं तापमान फार खाली गेल्याने, शुद्ध हरपायला बर्फाळ पाण्यातही साधारण तास लागतो. पडद्यावरची डुबकी बहुधा एक-दोन मिनिटांची असते. त्यातला श्वासाचा गोंधळ शंभर टक्के खरा. पण ‘हायपोथर्मियाच्या उंबरठ्यावर’ हे निवेदन त्या दोन मिनिटांना लागू होत नाही. भिजल्या कपड्यांनी वाऱ्यात तासन् तास बसवलं तर होतं.

झोप आणि चौकशी

नेव्ही सील या अमेरिकी नौदलाच्या कमांडो दलाच्या निवडीतल्या ‘हेल वीक’मध्ये साडेपाच दिवसांत मिळून सुमारे चार तास झोप मिळते. 24 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.10 टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. पडद्यावर खरा जागा माणूस ओळखायचा तो रडण्यावरून नाही. दोनदा सांगितलेली सूचना त्याला कळत नाही, बुटाची नाडी बांधायला वेळ लागतो, वाक्य अर्ध्यावर सुटतं. पडदाभर भावनिक कबुलीजबाब देणारा, सलग आणि मुद्देसूद बोलणारा उमेदवार बऱ्यापैकी झोपलेला असतो.

चौकशीचंही तसंच. ब्रिटिश निवडीत पळून लपण्याच्या टप्प्यानंतर सुमारे 36 तास चौकशीला तोंड द्यावं लागतं. नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख एवढंच सांगायचं, बाकी सगळ्याला ‘या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही’. डोळ्यांवर पट्टी, कानावर सतत खरखर, अवघड स्थितीत उभं राहणं. हे जसंच्या तसं दाखवलं तर बघणारा पाचव्या मिनिटाला चॅनेल बदलेल. म्हणून टीव्हीवर बालपण, घटस्फोट, वडिलांशी भांडण असे विषय निघतात.

जिथे दिखावा नसतो

13 जुलै 2013 ला ब्रेकन बीकन्समध्येच, एसएएसच्या राखीव दलाच्या निवडीतल्या 26 किलोमीटरच्या मार्चमध्ये, उन्हाने तीन जवानांचा जीव घेतला. दोघे त्याच दिवशी गेले, तिसरा पुढे रुग्णालयात. अंगावर ट्रॅकर होते, तरीही. 2015 च्या न्यायिक चौकशीत हलगर्जीपणा हे एक कारण म्हणून नोंदलं गेलं. कार्यक्रमात डॉक्टर, पाणबुडे, दोरवाले आजूबाजूला असतात, आणि ते असायलाच हवेत. त्यावरून ‘सगळं नाटक’ म्हणणं आम्हाला पटत नाही.

उन्हात पळणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो ‘मनाने हरला’ नसून त्याच्या शरीराचं तापमान 40 अंशांपुढे गेलेलं असू शकतं. तेव्हा आधी गार करायचं, मग हलवायचं. मिळेल त्या थंड पाण्यात बुडवा, नाही तर पाणी ओतत वारा घाला. घोटभर पाणी पाजून पुन्हा पळवणारं दृश्य दिसलं तर त्याचं कधीही अनुकरण करू नका.

स्वतः मोजून बघायचं असेल तर

सिंहगड चांगलं माप आहे. पायथ्याच्या आतकरवाडीतून माथ्यापर्यंत जवळपास 600 मीटर चढ, म्हणजे फॅन डान्सच्या एकूण चढाच्या दोन तृतीयांश. आधी रिकाम्या पाठीने वेळ घ्या. मग वजनाच्या दहा टक्के भार, 60 किलोच्या माणसाला 6 किलो. आठवड्यातून एकदाच, आणि दर दोन आठवड्यांनी 2 किलो वाढवा. 16 किलोपर्यंत पोचायला अडीच महिने लागतील. घाई केली की नडगी बोलते.

भार म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या. लिटरला एक किलो, तराजू नको. मोठा फायदा असा की माथ्यावर पाणी ओतून देऊन हलकं उतरता येतं. गुडघे बिघडतात ते उतरताना, भार घेऊन पळताना. बाटल्या चादरीत गुंडाळून पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला ठेवा. तळाला ठेवल्या तर पिठ्ठू मागे ओढतो आणि कंबर धरते. कमरेचा पट्टा आधी आवळा, खांद्याचे बंद नंतर.

टाचेला पट्टी फोड यायच्या आधी लावायची असते. चालताना एखादी जागा गरम लागली, चुरचुरली, की तिथेच बसून बूट काढा. पाच मिनिटं जातील, पण फोड फुटला तर पंधरा दिवस जातात. बोटांना मुंग्या आल्या तर बंद सैल करा. थांबल्या नाहीत तर पिठ्ठू उतरवा आणि त्या दिवसापुरतं संपलं. नडगीवर बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल तर भार पूर्ण बंद. अशा तड्याचा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबून पुन्हा चढायला जाऊ नका.

पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत खाली या. पाण्याखाली श्वास रोखणं, एकट्याने थंड पाण्यात उतरणं आणि रात्रभर जागून गाडी चालवत घरी येणं या तीन गोष्टी कितीही दमसास असला तरी करू नका. 16 किलो घेऊन आतकरवाडीतून तासाभरात माथा गाठलात, तर खाली उतरून लगेच पुन्हा निम्मा गड चढा. फॅन डान्सचा चढ तेवढाच आहे, 24 किलोमीटरची पळापळ त्यात अजून आलेली नाही.