बांधकामाचे आणि कारखान्याचे सांडपाणी महापालिकेच्या मलवाहिनीत सोडताना या चुका टाळा

महापालिकेच्या मलवाहिनीत सांडपाणी सोडण्याची परवानगी हातात पडली, की बहुतेक ठेकेदार ती फाइलला लावतात आणि पंप सुरू करतात. अशा परवानग्यांचे अर्ज तयार करणे, त्यांतल्या अटींप्रमाणे जागेवर व्यवस्था उभी करणे आणि काही बिघडले की धावत जाणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि या काळात समोर आलेल्या अडचणींपैकी नवीन अशा फारच थोड्या होत्या. परवानगीपत्रात साधारणपणे कोणते पाणी, रोज किती, कोणत्या चेंबरमध्ये, कोणत्या वेळेत आणि किती महिने सोडायचे हे लिहिलेले असते. म्हणजे ती एका ठरावीक पाण्यासाठी आणि एका ठरावीक चेंबरसाठी दिलेली असते. तिला सरसकट मुभा समजणे ही पुढच्या जवळजवळ सगळ्या चुकांची सुरुवात आहे.

पाणी पुढे कुठे जाते हे न पाहणे

रस्त्यावरची दोन झाकणे सारखी दिसतात, पण एकाखाली मलवाहिनी असते आणि दुसऱ्याखाली पर्जन्यजलवाहिनी. पहिलीतले पाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते, दुसरीतले थेट नाल्यात, नदीत किंवा खाडीत. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्यात तरंगते घनपदार्थ प्रति लिटर 600 मिलिग्रॅम आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) 350 पर्यंत चालतो. तेच पाणी नदी-नाल्यात सोडायचे असेल तर मर्यादा अनुक्रमे 100 आणि 30 वर येतात. म्हणजे चुकीच्या झाकणात नळी टाकली, तर कालपर्यंत नियमात असलेले पाणी आज नियमाच्या कितीतरी पट बाहेर जाते.

याच मानकांतली एक टीप फार कमी लोक वाचतात. मलवाहिनीसाठीच्या सवलतीच्या मर्यादा तेव्हाच लागू होतात, जेव्हा ती वाहिनी जैविक प्रक्रियेसह दुय्यम प्रक्रिया असलेल्या केंद्राला जाऊन मिळते. नाहीतर ते पाणी नदी-नाल्यात सोडल्याप्रमाणेच मोजले जाते. मुंबईत मलनिस्सारणाचे सात विभाग आहेत आणि त्यांपैकी वरळी आणि वांद्रे येथून वर्षानुवर्षे प्राथमिक स्वरूपाच्या प्रक्रियेनंतर पाणी लांब वाहिन्यांनी समुद्रात सोडले जात होते, तेव्हा हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. अर्ज करण्यापूर्वी प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर जागेवर उभे राहून झाकण उघडून घ्यावे, रंगीत पाणी सोडून ते पुढच्या कोणत्या चेंबरमध्ये उतरते हे पाहावे आणि त्या चेंबरचा फोटो अर्जाला जोडावा. यात अर्धा दिवस जातो. तो वाचवणाऱ्यांची कामे पुढे अनेक दिवस बंद राहिलेली मी पाहिली आहेत.

गाळाची टाकी खोल केली म्हणजे झाले, असे समजणे

या चुकीवर मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण ती सर्वांत जास्त वेळा होते आणि तिचा त्रास ज्यांचा काही संबंध नाही अशांना होतो.

पुण्याच्या एका उपनगरात दोन तळघरांच्या इमारतीचे खोदकाम चालू होते. ऑगस्ट महिना होता, खाली भेगाळलेला काळा पाषाण आणि वर मुरूम, त्यामुळे खड्ड्यात पाणी सतत झिरपत होते. ताशी 20 घनमीटर पाणी खेचणारा पंप रात्री दहा तास चाले, म्हणजे रोज दोन लाख लिटर. वाहिनीआधी गाळ बसवण्यासाठी टाकी बांधली होती: तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि चार मीटर खोल. तिथल्या सुपरवायझरला त्या खोलीचा अभिमान होता. पहिल्या आठवड्यात नमुना तपासला तेव्हा घनपदार्थ 180 आले आणि सगळे निश्चिंत झाले.

तो अहवाल रिकाम्या टाकीचा होता. गाळ बसतो तो टाकीच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने. ताशी 20 घनमीटर पाणी 9 चौरस मीटरच्या टाकीतून जाते तेव्हा ते तासाला सव्वादोन मीटरच्या आसपास वेगाने वर चढते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा कण मात्र स्थिर पाण्यातही तासाला सुमारे 1.3 मीटर इतकाच खाली बसतो. त्यामुळे बारीक माती टाकीत थांबणारच नव्हती; खोलीमुळे फक्त जाड वाळू साठायला जास्त जागा मिळाली होती, आणि तीही तीन आठवड्यांत भरली. टाकी कोणी उपसली नाही. गाळ चढत चढत पाणी बाहेर पडायच्या तोंडाच्या हातभर खालपर्यंत आला, पाणी कडेवरून सांडू लागले आणि रात्रपाळीच्या पंपवाल्याने, कोणी ओरडू नये म्हणून, नळी उचलून सरळ चेंबरमध्ये घातली.

आता हिशेब पाहा. दोन लाख लिटर पाण्यात प्रति लिटर 600 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही, रोज 120 किलो माती वाहिनीत जाते. टाकीविना खड्ड्यातून आलेल्या गढूळ पाण्यात 5,000 मिलिग्रॅम असतील तर तीच रोजची एक टन होते. पाचव्या दिवशी खालच्या बाजूच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या शौचालयांतून पाणी उलटे वर आले. मी पोहोचलो तेव्हा एक आजी दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत घाण आली होती. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, तुमच्या खड्ड्यातलं पाणी तुमच्यापाशीच ठेवा ना." त्यावर मला उत्तर नव्हते. जेटिंगच्या (जोराच्या पाण्याने वाहिनी साफ करणाऱ्या) आणि सक्शनच्या (गाळ खेचणाऱ्या) गाड्या लावून वाहिनी मोकळी करायला तीन दिवस लागले, सफाईचा खर्च बांधकामावर बसला आणि परवानगी स्थगित झाली. पंप बंद म्हणून खड्डा भरला, राफ्टचे (पायाच्या सलग स्लॅबचे) बांधलेले लोखंड पाण्याखाली गेले आणि दोन आठवडे गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. टाकी उथळ आणि पसरट घ्यायची, तीन कप्प्यांची, आणि हिशेबाने येईल त्याच्या किमान दुप्पट पृष्ठभागाची. पंपाचे तोंड खड्ड्याच्या तळाशी कधीच ठेवायचे नाही. छिद्रे पाडलेल्या पिंपात खडी भरून त्यात ते ठेवले, तर बरीच माती खड्ड्यातच राहते. टाकीत खुणा केलेला बांबू उभा करायचा आणि गाळ एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की त्याच दिवशी उपसायचा, उद्यावर टाकायचा नाही. रोज सकाळी बाहेर पडणारे पाणी एका पारदर्शक बाटलीत भरून तासभर स्थिर ठेवायचे. त्या बाटलीच्या तळाशी काय बसले आणि वरचे पाणी किती गढूळ राहिले, हे कोणत्याही अहवालापेक्षा लवकर सांगते. तुरटीची गरज पडते तिथे ती जरूर वापरावी, पण आधी पीएच (पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे त्याचे माप) पाहून. सिमेंट मिसळलेल्या पाण्यात नुसती तुरटी ओतणारे लोक पैसे ओतत असतात.

सिमेंटचे पाणी "फक्त धुण्याचे पाणी" मानणे

ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून नेणारी गाडी) आणि बॅचिंग प्लांट (काँक्रीट तयार करणारे यंत्र) धुतल्यावर निघणाऱ्या पाण्याचा पीएच सहज 12 च्या वर असतो आणि मर्यादा 5.5 ते 9 ही आहे. त्या पाण्याने कामगारांची कातडी भाजते, प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मरतात आणि त्यातले सिमेंट वाहिनीच्या तळाशी बसून दगड होते. तो थर जेटिंगनेही निघत नाही.

यावर मला हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे टँकर मागवून पाणी मिसळणे. पीएचची मोजपट्टी दसपटीची आहे, म्हणून 12 वरून 9 वर यायला कागदी हिशेबाने हजारपट शुद्ध पाणी लागते, म्हणजे 10,000 लिटरसाठी एक कोटी लिटर. प्रत्यक्षात साध्या पाण्यातल्या क्षारांमुळे बरेच कमी लागेल, तरी ते पाणी वाया घालवणेच आहे, आणि उन्हाळ्यात लोक हंडे घेऊन उभे असलेल्या शहरात हे करणाऱ्याबद्दल मला आदर वाटत नाही. दुसरा घाईचा उपाय म्हणजे आम्ल ओतणे. हात जरा सैल पडला की पीएच 12 वरून 3 वर जातो, आणि पुढे वाहिनीत सल्फाइड असेल तर आम्लामुळे हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. चेंबरमध्ये उतरलेली माणसे याच वायूने जातात. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी ते घडते. म्हणून वाहिनीत आम्ल सोडणाऱ्याने खाली कोणी असू शकते हे धरूनच चालले पाहिजे.

माझा पहिला सल्ला हे पाणी सोडूच नका असा आहे. गाळ बसवून तेच पाणी पुढच्या गाड्या धुवायला वापरावे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 456:2000 मध्ये, काँक्रीटसाठीच्या पाण्याला पीएचची अट 6 पेक्षा कमी नसावा एवढीच आहे. तरंगते घनपदार्थ 2,000 मिलिग्रॅमपर्यंत चालतात आणि सल्फेट व क्लोराइड मर्यादेत असावे लागतात, तेव्हा तपासणी करून हे पाणी मिश्रणातही घेता येते. सोडायचेच असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावावा, कारण त्याने पीएच हळू उतरतो आणि चूक झाली तरी तो आम्लासारखा 3 पर्यंत कोसळत नाही. पीएचचा मीटर रोज 7 आणि 10 पीएचच्या द्रावणांवर जुळवून घ्यावा.

कारखान्यातली सगळी पाणी एकाच टाकीत आणणे

प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) छोट्या कारखान्यांत हे फार दिसते. क्रोमियमच्या पाण्यावर आधी आम्लयुक्त स्थितीत, पीएच 2 ते 3 च्या आसपास, मेटाबायसल्फाइट या रसायनाने प्रक्रिया करावी लागते आणि मग पीएच वर नेऊन त्यातले क्रोमियम खाली बसवावे लागते. सायनाइडचे पाणी मात्र कायम क्षारीय ठेवावे लागते, कारण आम्लाशी गाठ पडताच त्यातून हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटतो. हे दोन पाइप एका टाकीत जोडणाऱ्या प्लंबरला मी दोष देत नाही. नकाशा न काढता त्याला काम सांगणाऱ्या मालकाला देतो. दोन रंगांचे पाइप घ्यावेत, दोन स्वतंत्र टाक्या घ्याव्यात आणि जोडणी स्वतः पाहावी.

काही लहान, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

मागच्या प्रकल्पाच्या अर्जातला रोजचा आकडा उचलून नव्या अर्जात टाकू नका. प्रवाह मोजणारा मीटर बसला की तो आकडा उघडा पडतो.

पावसाळ्यात खड्ड्यात पडणारा पाऊसही तुमच्याच पंपातून जातो. जून ते सप्टेंबरचा वेगळा आकडा अर्जात मागा आणि अर्ज फेब्रुवारीतच द्या.

जल अधिनियम, 1974 मधील चार महिन्यांत उत्तर न आल्यास संमती मिळाल्याचे मानण्याची तरतूद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीबद्दल आहे. तिच्या जोरावर महापालिकेच्या वाहिनीला पाइप जोडता येत नाही.

त्याच कायद्यात मलवाहिनीची व्याख्या उघड्या नालीलाही लागू आहे, तेव्हा "आम्ही तर उघड्या नाल्यात सोडतो" हा बचाव होत नाही.

नमुना तपासणीला अधिकारी आले की बाजूला उभे राहू नका. नमुना दोन भागांत विभागून घेण्याची विनंती करण्याचा हक्क तुम्हाला आहे. मी तो नेहमी वापरतो आणि त्याच वेळी तिसरी बाटली स्वतःची भरून बर्फात ठेवतो. तपासणीच्या दिवशी पंप मंद चालवून स्वच्छ पाणी दाखवणाऱ्यांचे मीटरच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात, कारण त्या दिवसाचा प्रवाह आधीच्या महिन्याशी जुळत नाही.

आणि काम संपल्यावर तात्पुरती जोडणी तशीच सोडून निघून जाऊ नका. तोंड विटा आणि सिमेंटने बंद करून घ्या, कनिष्ठ अभियंत्याला ते दाखवा, चेंबरचा शेवटचा फोटो घ्या आणि परवानगी बंद केल्याचे पत्र लेखी मागा. अनामत रक्कम त्या पत्राशिवाय परत मागायला गेलात तर मोकळ्या हाताने परत यावे लागते.