डोलोमाइट्सची बॅग भरताना: हेडटॉर्च आधी, गॉगल नंतर

यादीत सगळ्यात वर हेडटॉर्च लिहा. उन्हाळ्यात इटलीला चाललाय आणि टॉर्च कशाला, असं घरचे विचारतीलच. पण कोर्तिना दाम्पेझ्झोच्या आसपासचे डोलोमाइट्स बघायचे तर निम्मं बघणं डोंगराच्या पोटात आहे. पहिल्या महायुद्धात, मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा सरहद्द इथूनच जात होती आणि कोर्तिना ऑस्ट्रियाच्या बाजूला होतं. पुढे १९१७ च्या शरदापर्यंत दोन्ही सैन्यं या कड्यांवर एकमेकांच्या उरावर बसून होती. समोरून चढाई जमेना, म्हणून मग डोंगरच आतून पोखरले. (इटलीतली लढाई म्हटलं की आपल्याला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आठवतात. ते १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धातलं, आणि इथून बरंच दक्षिणेला. गल्लत करू नका.)

तारखा ठरवताना जूनची सुरुवात टाळा. वरच्या वाटांवर बर्फ असतो आणि बरेच रोपवे, डोंगरातली विश्रामगृहं महिन्याच्या उत्तरार्धात उघडतात. १५ ऑगस्टला जोडून रजा टाकायचा मोहही आवरा, त्या दिवशी इटलीतही सुट्टी असते आणि अख्खा देश डोंगरात येतो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा माझ्या मते उत्तम. शेंगेन व्हिसा, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा हे नेहमीचंच. कोर्तिनाला रेल्वे नाही, १९६४ मध्येच बंद झाली. व्हेनिसहून बसने या.

आता लागाझुओईचा डोंगर. यासाठी अख्खा दिवस राखून ठेवा. २१०५ मीटरवरच्या फाल्झारेगो खिंडीतून रोपवे काही मिनिटांत वर सोडतो. २७५२ मीटरवरच्या विश्रामगृहाच्या गच्चीवर कॉफी प्या, फोटो काढा आणि उतरताना रोपवे न घेता इटालियन सैनिकांनी खोदलेल्या बोगद्यातून खाली या. हेल्मेट हवंच. खालच्या स्टेशनवर भाड्याने मिळतं, त्यामुळे पुण्याहून वाहून नेऊ नका. मी सुरुवातीला ते हातात धरून चालले होते, पहिल्याच वळणावर कपाळमोक्ष होता होता वाचला. राजगडाच्या चोरदरवाज्यातून वाकून शिरतो, तसंच पुष्कळ वेळ चालायचं आहे असं समजा. पायऱ्या उभ्या आणि ओल्या. कडेच्या तारेला धरायचं, आणि ती तार बर्फासारखी गार असते. म्हणून हातमोजे. ट्रेकिंगची काठी घडी घालून सॅकमध्ये, आत ती नुसती अडते. मध्येच भिंतीत एक भोक येतं, तिथून खालचा खिंडीचा रस्ता तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो. बंदूक इथेच का रोखली होती, ते तिथे उभं राहिलं की लगेच कळतं. जून १९१७ मध्ये याच डोंगरात इटालियनांनी सुमारे ३३ टन स्फोटकं उडवली. त्याआधी ऑस्ट्रियनांनीही वरून सुरुंग लावले होते. कड्याखाली जो दगडांचा ढीग दिसतो, तो सगळा निसर्गाचा नाही.

गुडघ्यांसाठी नीकॅप टाका. चाळिशी उलटली असेल तर दोन टाका.

चिंक्वे तोर्रीच्या पाच सुळक्यांकडे जाताना सामान कमी लागतं. खुर्चीच्या रोपवेने वर जायचं आणि दुरुस्त केलेल्या खंदकांमधून फिरायचं, मुलांनाही जमतं. वालपारोला खिंडीतला त्रे सास्सी किल्ला जवळच आहे. जुलै १९१५ मध्ये तोफांनी फोडलेला, आता आत संग्रहालय. त्रे चिमे या तीन शिखरांभोवतीचा फेरा साधारण १० किलोमीटरचा आणि गर्दीचा. गाडीने जाणार असाल तर टोल आणि पार्किंगची चौकशी आधीच करा.

कपडे थरांमध्ये. दुपारी दोननंतर ढग भरून आले की वीज कडाडते, तेव्हा तारेला धरून उभं राहण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. सकाळी लवकर निघा. पाँचो सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, माझ्यासारखा तळाशी नको. सप्टेंबरात बोटं गारठली की एक तारीख मला आठवते: १३ डिसेंबर १९१६. मार्मोलादा डोंगराखाली हिमकडा कोसळला आणि ऑस्ट्रियन छावणीतले अडीचशेहून जास्त सैनिक एका सकाळी गाडले गेले. तो मारा कुठल्याही तोफेचा नव्हता.

विश्रामगृहात राहायचं तर झोपण्याची पातळ चादरीची पिशवी आणि रोख युरो न्या. शाकाहारी मंडळींनी ठेपल्यांवरच भिस्त ठेवू नये. बीट भरलेले, लोणी आणि खसखस घातलेले कासुंझिएई (करंजीसारखा भरलेला पास्ता) मागा, या भागाचा खास पदार्थ आहे. कनेदेर्ली, म्हणजे पावाचे गोळे, मात्र विचारल्याशिवाय खाऊ नका, त्यांत बहुधा डुकराचं मांस असतं.

वाटेत गंजलेली काटेरी तार, डब्याचा पत्रा, गोळीची पुंगळी दिसेल. ते सॅकमध्ये घालायचं नाही. न फुटलेला दारूगोळा अजूनही सापडतो, हातही लावू नका. शेवटची बस किती वाजता, ते सकाळीच खिंडीतल्या पाटीवरून टिपून घ्या. आणि टॉर्चचे जादा सेल खिशात ठेवा, सॅकमध्ये नको. अंधारात सॅकची चेन सापडत नाही.